जीपवाल्यांचा संसार

"काय गो, सुतार आज पण आलाय का त्यांच्याकडे?"

काकू गडग्यापलीकडे मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा निवडत होत्या. मी अलीकडे गोधड्यांना ऊन दाखवत होते. आमच्या दोन घरांमधला हा रचलेल्या दगडांचा गडगा कमरेएवढाच आहे. मधले दोन दगड केव्हाचे निखळलेत, पण ते कुणी परत बसवत नाही, कारण आमटीची वाटी तिथूनच ये-जा करते.

"तिसरा दिवस," मी म्हटलं. "सकाळी प्लाय उतरवलं, बारा एमएमचं. सोबत ड्रॉवरची चॅनेलं."

"ओट्याखालच्या ट्रॉल्या मागता मागता तिची चार वर्षं गेली. आणि ड्रॉवर आधी गाडीला?"

"आधी गाडीला."

काकूंनी एक किडकी शेंग जरा जास्तच लांब फेकली.

गाडी म्हणजे थार. दसऱ्याला पुण्याहून सेकंडहँड आणली, जुन्या घाटाची, वर कापडी टप आणि मागे समोरासमोर दोन बाकं. ही थार पहिल्यांदा बाजारात आली २०१० साली आणि २०२० मध्ये तिचं रूप पार पालटलं. पण महाडात या दोन्हींना आणि अशा दिसणाऱ्या सगळ्याच गाड्यांना जीप म्हणतात. त्यामुळे आमच्या आळीत ते कुटुंब महिनाभरात 'जीपवाले' झालं. नवरा, बायको, दोन मुलं आणि गुडघे धरलेल्या सासूबाई. भाऊजींच्या डोक्यात एकच: घर सोबत घेऊन फिरायचं, हॉटेलात पैसे घालवायचे नाहीत. हॉटेलात न घालवलेले पैसे कुठे गेले, ते आम्ही गडग्यावरून रोज मोजत होतो.

आधी निघाला टपावरचा तंबू. गाडीच्या डोक्यावर घडी घालून बसवायचा, मुक्कामाला उलगडायचा, शिडीने वर चढून झोपायचं. भाऊजींनी मोबाइलवर दाखवला तेव्हा वहिनींनी फक्त विचारलं, "आई शिडी चढणार?" तंबू तिथेच मिटला. मग ठरलं की बाकं उचलून खाली खण करायचे, वर फळ्या टाकून पलंग. सुताराने माप घेतलं आणि भाऊजींना आत आडवं केलं. पाय मागच्या दाराबाहेर! तिरके झोपले तर मावत होते, पण मग बाकीच्यांनी कुठे झोपायचं? शेवटी आत सासूबाई आणि धाकटी, बाहेर ताडपत्री ओढून बाकीचे, असा करार झाला.

फ्रीजची गोष्ट मात्र काकूंना मी दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसला नाही. गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा चाळीस लिटरचा फ्रीज. आला त्याच रात्री भाऊजींनी कौतुकाने लावून ठेवला, आत दोन सरबताच्या बाटल्या. सकाळी सरबत गार आणि बॅटरीही गार. किल्ली फिरवली की नुसता टकटक आवाज. कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याने केबल लावून गाडी चालू करून दिली आणि जाताना सरबताची एक बाटली घेऊन गेला. मग कळलं की फ्रीजला वेगळी बॅटरी लागते, आणि इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या एकमेकींशी बोलतील, बंद झालं की अबोला, असं एक यंत्र मध्ये बसवावं लागतं.

"सासू-सुनेसारखं," काकू म्हणाल्या. कुणाच्या, ते मी विचारलं नाही.

आमच्या या गप्पांना खरी धार आली ती काका ओटीवरून उठून आले तेव्हा. काका महाड डेपोत एसटीवर ड्रायव्हर होते. आंबेनळी, वरंध, कशेडी हे तिन्ही घाट त्यांच्या हातातून गेलेले. भाऊजी सल्ला विचारायला आले की काका आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालत आणि मग एखादी वस्तू कमी करायला लावत. पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड लावायचा होता. काकांनी सांगितलं, त्यावर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी घातली. माणूस आडवा आला तर त्या लोखंडाने मरतो. कापडी टप काढून पत्र्याचा करायचा होता. काका म्हणाले, आधी पेणला आरटीओत विचारून ये. नोंदणीच्या वेळी कंपनीने जशी दिली तशीच गाडी पाहिजे, मनाने रूप बदलायचं नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये बजावलंय. भाऊजींचं तोंड उतरलं. वहिनींनी त्या दिवशी काकांना घावन पाठवले, गडग्याच्या त्याच भगदाडातून.

पण काकांचा खरा राग टपावरच्या कॅरिअरवर. भाऊजींनी पाण्याचे दोन कॅन, गॅसची टाकी, स्टेपनी आणि फावडं सगळं वर बांधलं होतं. काका म्हणाले, "बाळा, आंबेनळीत वळणावर गाडी वळते, टपावरचं ओझं वळत नाही. ते सरळ जाऊ बघतं, दरीकडे." मग दोघं एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर गाडी घेऊन गेले. माणसं बसायच्या आधीच दोनशे साठ किलो वाढले होते. खण साठ किलोचे, पाणी चाळीस, दुसरी बॅटरी, फ्रीज, आणि उरलेलं ते 'असू दे, लागेल' या नावाचं. त्यात काय नव्हतं! घडीच्या खुर्च्या पाच, घडीचं टेबल, घडीची बादली, घडीचं बेसिन.

"घडीचा नवरा मिळतो का बघ म्हणावं," इति काकू.

पाणी खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये आलं. टाकी पाच किलोवाली राहिली, उभी, पट्ट्याने बांधलेली. टपावर फक्त ताडपत्री आणि गाद्या उरल्या. मुलाला काकांनी एकच शपथ घातली: थंडी कितीही वाजो, बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी, निखारा काही पेटवायचं नाही. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आणखी एक खोड काकांनी मोडली. भाऊजी नवी नवलाई म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावरही फोर बाय फोरचा दांडा टाकून फिरत. वळताना गाडी अडखळायची, टायर चुंई करायचे. काकांनी काकूंच्या सुपावर दोन शेंगा ठेवून मला समजावलं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. दोन चाकांवर गाडी असली की त्यांचं त्यांचं जमतं. पण दांडा टाकला की या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चिखलात, रेतीत टायर थोडा घसरून तो ताण सोडवतो, डांबरावर सोडवत नाही. मग गिअरबॉक्सच्या जिवावर बेततं. मला कळलं. काकूंना शेंगा परत हव्या होत्या.

संक्रांत झाली आणि स्वारी निघाली. कुठे? वहिनींच्या माहेरी. पोलादपूरवरून आत, चंद्रगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक वाडी. महाडपासून जेमतेम दीड तास. तयारी लडाखची आणि मुक्काम मामाच्या गावी, असं आळीतल्या पोरांनी गाडी वळायच्या आत जाहीर केलं.

नदीकाठी तंबू ठोकायचा बेत होता. वहिनींच्या आईने तो उंबऱ्यातच मोडला. लेक-जावई घर असताना उघड्यावर झोपले तर वाडीत तोंड काढायला जागा राहणार नाही! भाऊजींनी पुष्कळ समजावलं. शेवटी तडजोड झाली: खळ्यात, तुळशीपासून चार हातांवर जीप, तिच्या कडेला ताडपत्री, आणि दर अर्ध्या तासाने आतून कुणीतरी विचारायला येणार, "काही हवं का?" दोन बर्नरची नवी शेगडी पेटलीच नाही. पहिल्या रात्री आईने तांदळाची भाकरी आणि सुकट केली. दुसऱ्या रात्री भावाने शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, पाण्याचा थेंब नाही, वरून गवत-काटक्यांचा जाळ. सव्वादोनशे रुपयांचं मडकं, आणि बाजूला हजारोंची शेगडी वेष्टनात.

"फ्रीजचं काय केलं?" काकूंचा जीव फ्रीजमध्येच अडकलेला.

"म्हशीचा चीक ठेवला. वाडीतल्या चार घरांचा."

फोर बाय फोर लागली ती एकदाच. तिसऱ्या दिवशी मेहुण्याने जावयाला गोड बोलून गाडी खाचरात उतरवायला लावली आणि पेंढ्याचे भारे भरले. बांध चढताना मागची चाकं फिरायला लागली, तेव्हा भाऊजींनी लो मधला दांडा टाकला आणि जीप मुंगीच्या पावलांनी वर आली. वाडी बघायला जमली होती. आल्यावर भाऊजींनी हीच गोष्ट मला, काकांना आणि दूधवाल्याला सांगितली. पेंढा टपातून अजून निघतोय.

एक गोष्ट वहिनींनी वेगळी सांगितली, जरा हळू आवाजात. सकाळी लेक बूट घालायला निघाली, तर आजोबांनी हातातून ते काढून घेतले, उलटे करून दोनदा पायरीवर आपटले, मग दिले. पडलं काहीच नाही. पण रोज तसंच. काकूंनी लगेच मान हलवली. आमच्या या पट्ट्यात लाल विंचवाची धास्ती काय असते, ते त्यांना विचारावं. पूर्वी धडधाकट पोर विंचू चावून हृदय बंद पडून जायचं. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तीच माणसं रात्र-रात्र बसून तपासली आणि रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, यावर चालते हे दाखवलं. जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकांनी ते छापलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. "गोळी आहे म्हणून बूट झटकायचे सोडायचे नाहीत," काकू म्हणाल्या. भाऊजींच्या प्रथमोपचाराच्या पेटीत साप चावल्यावर विष ओढायचा रबरी पंप होता. काकांनी तो उकिरड्यावर टाकायला लावला. चिरायचं नाही, ओढायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हलवायचं कमी आणि दवाखाना गाठायचा.

एवढं झाल्यावर उन्हाळाभर जीप दारातच होती. आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस संपले. काकू तर म्हणाल्या, "आता बघ, त्या खणांत कांदे-बटाटे भरतात की नाही."

मे संपता संपता एका दुपारी वहिनी गाडीच्या मागे बसून सगळं उपसताना दिसल्या. खुर्च्या, टेबल, बेसिन घरात चाललं होतं. मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, विकणार. खालच्या खणात त्या भरत होत्या: मेणबत्त्या, काडेपेटी डब्यात, दोन टॉर्च, चुरमुरे, पोहे, गूळ, सासूबाईंच्या महिन्याच्या गोळ्या, दोरी, पाणी शुद्ध करायचे थेंब. वरच्या खणात प्लास्टिकच्या बरणीत रेशनकार्ड, घराचे कागद, मुलांचे दाखले.

"वहिनी, हे काय?"

"२०२१," त्या म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.

बोलायची गरजही नव्हती. २२ जुलै २०२१. सावित्री, गांधारी, काळ, तिन्ही नद्या एकदम चढल्या आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी लागलं. वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी तळीयेत दरड घरांवर आली. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला पाणी नाही. आमच्या आळीत दोन रात्री सगळे एकाच गच्चीवर होते, ताडपत्रीखाली, मेणबत्तीवर. त्याला तेव्हा कुणी कॅम्पिंग म्हटलं नाही. वहिनी धाकटीला कडेवर घेऊन उभ्या होत्या, ती दूध मागत होती, एवढं मला आठवतं. आणि त्याआधी पाच वर्षं, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल दोन एसटींसकट वाहून गेला होता. काका त्या रस्त्यावर बारा वर्षं होते. त्या रात्रीबद्दल ते बोलत नाहीत, म्हणून आम्हीही नाही.

"यांना वाटतं गाडी फिरायला आहे," वहिनी खण ढकलत म्हणाल्या. चॅनेलं छान बसली होती, आवाजसुद्धा झाला नाही. "फिरू की. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे खण उघडायचे नाहीत. आणि पाऊस लागून राहिला की गाडी दारात नाही, वर चढावर, माझ्या मावसभावाकडे. पाण्यात तर थारही होडी होत नाही."

भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "आणि ट्रॉल्या?"

"ट्रॉल्या दिवाळीला."

मी परत वळले तर गडग्याशी काकू. सूप नव्हतं, हातात पत्र्याची जुनी पेटी, वर फडकं बांधलेलं. पेन्शनची कागदं, काकांचा एसटीतला बिल्ला आणि आणखी काहीतरी जड.

"विचार गो तिला," त्या म्हणाल्या, "एवढी मावेल का. आणि लोणच्याची बरणी छोटीच आहे."