होडीतला दुसरा

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वाऱ्याइतकीच टंचाई असते ती दुसऱ्या माणसाची. होडी असते, शीड असतं, गॉगल आणि टोपी तर असतेच. सुकाणू धरायलाही सगळे तयार असतात. पण त्याच्यापुढे बसून दोऱ्या ओढायच्या, बोलणी खायची आणि सांगितलं की निमूट होडीबाहेर वाकायचं, याला रविवारी कुणी मोकळं नसतं. या दुसऱ्याला क्रू म्हणतात. मुंबईतल्या माझ्या एका मित्राला असा क्रू हवा होता. फोनवर त्याने दोनच प्रश्न विचारले: रविवारी काय करतोयस, आणि वजन किती? पोहता येतं का, हे त्याला बऱ्याच वेळाने, गप्पा संपता संपता आठवलं.

मी मालेगावचा. एवढं म्हटलं की समोरचा हटकून यंत्रमागांची चौकशी करतो. ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं. आमचं वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. आमच्याकडे सोयाबीन, तूर आणि तालुक्यातच शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. 1998 मध्ये वाशिम वेगळा जिल्हा होईपर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. जिल्हा बदलला, समुद्र मात्र होता तितकाच लांब राहिला.

तिकडे समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. फरक स्पष्ट करा, गुण दोन. ते दोन गुण मी मिळवले होते, पण त्या वाऱ्यांशी आपला कधी व्यवहार होईल असं गुरुजींनाही वाटलं नसेल. मुंबई बंदरात शर्यत दुपारी का ठेवतात, याचं उत्तर नेमकं त्यातच निघालं. जमीन तापायला वेळ लागतो. तोवर सकाळचा उरलासुरला मतलई मरगळलेला असतो आणि होड्या जागच्या जागी डुलत असतात. दुपार कलू लागली की वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि मगच क्लबातली माणसं चहाचे कप खाली ठेवतात.

ही वाट पाहण्याची रीत मला नवी नव्हती. मळणीयंत्रं सर्रास होण्याआधी आमच्याकडे खळ्यावर तिवई उभी करून, भरलेलं टोपलं डोक्याच्या वर धरून, माणसं अशीच वाऱ्यासाठी ताटकळायची. वारं आलं की उपणणी, पडलं की टोपलं खाली आणि बिडी. फरक इतकाच की खळ्यावर वारं पडलं म्हणून कुणी टोपल्यावर ओरडत नसे. होडीत वारा पडला की हेल्म, म्हणजे सुकाणूवाला, क्रूवर ओरडतो.

पंचांगाचंही तसंच. मालेगावात तिथी लागते ती उपवासाला. कोकणातल्या खलाशांचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला नि अवसेला बाराच्या आसपास. म्हणजे संकष्टीच्या दिवशी आमच्या घरी सगळे चंद्रोदयाकडे डोळे लावून बसणार आणि मुंबई बंदरात त्याच तिथीवरून लोक तीनच्या भरतीचा हिशेब मांडणार. भरतीचं पाणी आत येत असताना, वाऱ्याचं बळ नसेल तर होडी पुढे तोंड करून मागे जाऊ शकते, आणि ती तशी जाते.

आमची होडी एंटरप्राइज जातीची. लांबी जेमतेम चार मीटर, निळी शिडं दोन, माणसं दोन. मोठं शीड आणि सुकाणू हेल्मकडे. पुढचं लहान शीड, म्हणजे जिब, पोटातून पाण्यात उतरणारी फळी आणि होडीचा तोल हे खातं क्रूकडे. वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही. त्याच्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून, कधी या बाजूने कधी त्या बाजूने, असं नागमोडी वर चढावं लागतं. त्या प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात. टॅकच्या वेळी क्रूने एक दोरी सोडायची, आडवी बूम डोक्यावरून जाते तेव्हा खाली वाकायचं, पलीकडच्या काठावर पोहोचायचं, दुसरी दोरी ओढायची आणि तळाच्या पट्टीत पाय अडकवून पाठ पाण्यावर झोकून द्यायची. हे सगळं होऊन आपण आकाश बघत स्थिरावतो न स्थिरावतो तोच मागून आवाज येतो, “रेडी अबाउट!” म्हणजे पुन्हा.

शर्यतीची सुरुवात तर विलक्षणच. पाच मिनिटं आधी एक निशाण चढतं, चार मिनिटं आधी दुसरं, एक मिनिट उरलं की ते उतरतं. होड्यांना उभं राहून वाट पाहता येत नाही, म्हणून रेषेच्या मागे सगळ्या एकमेकींच्या अंगावर जात घिरट्या घालतात आणि घड्याळाकडे बघत “स्टारबोर्ड!” म्हणून ओरडतात. ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतो त्याचा हक्क पहिला. डाव्या अंगाने येणाऱ्याने बाजूला व्हायचं. एरवी अत्यंत सभ्य असलेले डॉक्टर, सनदी लेखापाल आणि निवृत्त नौदल अधिकारी ती पाच मिनिटं ज्या सुरात बोलतात, तो सूर मी एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताना ऐकला आहे.

पण या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळी. पाण्यावर बहुधा पंच नसतो. दुसऱ्याच्या हक्कात आपण घुसलो तर ते आपणच कबूल करायचं आणि भर शर्यतीत होडी स्वतःभोवती दोनदा फिरवायची. शर्यतीच्या खुणेच्या बोयाला घासलो तर एकदा. क्लबातलं वजन, पैसा, हुद्दा काही आड येत नाही. माणूस मुकाट्याने गिरक्या घेतो आणि मागे पडतो. ज्याला आपली चूक पटत नाही त्याच्याविरुद्ध “प्रोटेस्ट” म्हणून ओरडता येतं, आणि मग संध्याकाळी टेबलावर चमचे आणि काडेपेट्या मांडून पाण्यावरची मारामारी पुन्हा होते. त्यात क्रूला साक्षीला बोलावतात. क्रूने त्या वेळी फक्त आकाश पाहिलेलं असतं.

मुंबईत हे सारं जुनं आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा. 1982 ची आशियाई स्पर्धा दिल्लीत झाली तेव्हा शिडांच्या शर्यती दिल्लीला नेणं कुणाच्याच हातात नव्हतं, त्या मुंबईतच झाल्या. तिथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोन माणसांच्या होडीत सुवर्ण मिळवलं. पदक दोघांनाही मिळालं, ही नोंद सगळ्या क्रूंनी जपून ठेवावी.

याच्या अगदी उलट टोकाला दिलीप दोंदे, तेव्हाचे कमांडर. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2009 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेतली आणि 2010 च्या मे महिन्यात जगाला फेरी घालून परतले. एकट्याने अशी फेरी मारणारे ते पहिले भारतीय. छप्पन्न फुटी होडी आणि क्रू नाही. त्यांच्या धाडसाची गोष्ट निघाली की लोक वादळांविषयी बोलतात. मला मात्र कुतूहल आहे ते या गोष्टीचं की ओरडायला कुणीही नसताना या माणसाने नऊ महिने कसे काढले.

शर्यत संपली तरी निकाल लागत नाही. होड्या वेगवेगळ्या जातींच्या, म्हणून प्रत्येकीच्या वेळेला तिच्या जातीच्या आकड्याने भागतात आणि मग नंबर ठरतो. ती आकडेमोड चालू असतानाच मालेगावहून मामांचा फोन आला.

“कितवा नंबर?”

“अजून हिशेब चाललाय, मामा.”

“हिशोब कायचा? पयले कोन आलं थे दिसत नाई का?”

मी गुणोत्तराचा मामला समजावून सांगितला. मामांनी तो सोडून दिला.

“होडी कोन चालवे?”

“मित्र.”

“मंग तू काय करत होता?”

“वारा वाढला की बाहेर वाकायचं. कमी झाला की आत यायचं. तो म्हणेल तेव्हा इकडून तिकडे जायचं. बोलायचं नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“थांब,” मामा म्हणाले, “तुह्या मायले फोन देतो. तिले सांग हे. माह्यावर तिचा इश्वास बसनार नाई.”