पगारपत्रक नसलेला जमीनदार

नोकरी सोडून ‘प्रॉपर्टीत उतरणाऱ्यां’चा हिशेब मोठा देखणा असतो. समजा, पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिना 20 हजार भाडं आलं. म्हणजे वर्षाला 3 टक्के. 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 5 लाख 60 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. जवळपास अडीच वर्षांचं भाडं आधीच सरकारजमा. मेंटेनन्स आणि भाडेकरूविना गेलेले महिने वेगळेच. ‘पण भाव वाढतात ना!’ वाढतातही, मात्र वाढलेल्या भावातून किराणा येत नाही आणि महिनाअखेरीस नुसती बाल्कनी विकता येत नाही. ‘मग कर्ज काढून दुसरा घेऊ!’ जरूर. फक्त बँक आधी मागते ती गेल्या तीन महिन्यांची सॅलरी स्लिप. थोडक्यात, साहेबापासून कायमची सुटका हवी असेल, तर त्याच्याच नोकरीत टिकून राहावं लागतं.