आवाज येईपर्यंत थांबा

धावपटू जंगलातल्या कंट्रोलवर पोहोचतो. बोटाला अडकवलेली चिप यंत्राच्या भोकात घालतो आणि आवाज येण्याआधीच ओढून पळतो. शर्यत संपते, चिप वाचली जाते. त्या कंट्रोलची नोंद नाही. धावपटू बाद. मग वादाला तोंड फुटते. मी तिथे गेलो होतो, दोघांनी मला पाहिले, आणि आता तर त्या यंत्राच्या स्मृतीतही माझ्या चिपचा क्रमांक सापडलाय. आणखी कोणता पुरावा हवा?

चिपमधला पुरावा हवा. तो नसेल तर बाद, आणि हा निर्णय बरोबर आहे.

ओरिएंटियरिंग हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आधी खेळ सांगतो. हातात बारीक तपशिलांचा नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर क्रमांक दिलेली ठिकाणे, म्हणजे कंट्रोल, आणि प्रत्यक्ष जमिनीवर त्या प्रत्येक ठिकाणी 30 सेंटिमीटरचा नारिंगी-पांढरा झेंडा. ठिकाणे दिलेल्या क्रमानेच गाठायची, दोन ठिकाणांमधली वाट मात्र ज्याची त्याने शोधायची. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकला. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावलेल्यांना वाटेल की चिप तर आम्हालाही असते. असते, पण मॅरेथॉनचा रस्ता सगळ्यांना एकच आणि दोन्ही कडांना माणसे उभी. इथे धावपटू झाडीत एकटा असतो. तो कुठून गेला, कुठे थांबला, हे पाहायला कोणी नसते. त्यामुळे कंट्रोलवर पोहोचल्याची खूण, म्हणजे पंच, हाच या खेळाचा कणा. तो काढून घेतला तर उरतो जंगलातला फेरफटका.

अनेक वर्षे हे काम सुयांनी केले. झेंड्याला पकडीसारखे छोटे साधन टांगलेले असे. त्याच्या जबड्यात सुयांची नक्षी, प्रत्येक कंट्रोलची वेगळी. धावपटूजवळ चौकटी आखलेले कार्ड. ज्या क्रमांकाचा कंट्रोल, त्या चौकटीत भोके पाडायची आणि पुढे पळायचे. चुकीच्या चौकटीत भोके पडली तर त्यासाठी काही राखीव चौकटी. शर्यत संपली की स्वयंसेवक एकेक कार्ड उजेडात धरून मूळ नक्षीशी ताडून पाहत.

या कार्डावर जीव असलेली मंडळी अजून आहेत. यंत्र आले आणि खेळातली मजा गेली, असे ती म्हणतात. त्यांना एकच प्रश्न आहे. धावपटूने चौथा कंट्रोल आधी गाठला की पाचवा, हे तुमचे कार्ड सांगत होते का? नव्हते. कार्डावर भोके दिसत, त्यांचा क्रम दिसत नसे. पाचवा कंट्रोल वाटेत लागला म्हणून कोणी आधीच टोचून घेतला, तर झाडांशिवाय त्याला साक्षीदार नव्हता. नियम क्रमाने जा म्हणत होता आणि पुरावा क्रमाबद्दल मुका होता. प्रामाणिक माणूस लांबच्या वाटेने जाऊन हरायचा आणि अप्रामाणिक माणूस बक्षीस घेऊन घरी जायचा. ज्या खेळात नियम पाळणाऱ्याला नियमाचे संरक्षण नाही, तिथे मजेच्या गोष्टी कोणी सांगू नयेत.

इलेक्ट्रॉनिक पंचने पहिली दुरुस्ती केली ती हीच. कंट्रोलच्या खुणेबरोबर वेळही नोंदली जाऊ लागली आणि वेळेबरोबर क्रम आपोआप आला. एखादा कंट्रोल राहिला असे पुढे गेल्यावर लक्षात आले, तर मागे जाऊन तो घ्यायचा आणि तिथून पुढचे सगळे पुन्हा क्रमाने घ्यायचे. जास्तीच्या नोंदींनी काही बिघडत नाही, योग्य क्रम मात्र चिपमध्ये सापडला पाहिजे.

क्रमाची खात्री झाल्यावर मार्ग आखणाऱ्यांचे हात मोकळे झाले. एकाच कंट्रोलवरून दोन-तीन वळसे घालून पुन्हा तिथेच यायचे आणि कोणी कोणता वळसा आधी घ्यायचा हे धावपटूनुसार बदलायचे, अशी रचना बिनघोर करता येऊ लागली. पुढच्याच्या पाठीमागे नुसते पळत सुटणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच पंचाईत झाली. दुसऱ्याच्या डोक्याने नकाशा वाचणारा या खेळात जिंकता कामा नये.

दुसरी दुरुस्ती तपासणीच्या कामात झाली. फिनलंडमधली युकोला ही रिले 1949 पासून चालू आहे. सात टप्पे, रात्री उशिरा सुरुवात, दीड हजारांहून अधिक संघ. शिवाय सगळ्या संघांना अगदी सारखे कंट्रोल मिळत नाहीत. मधल्या काही ठिकाणांची अदलाबदल केलेली असते, म्हणजे घोळक्याने धावून कोणाचे भागू नये. आता अशा शर्यतीची कार्डे हाताने तपासायची कल्पना करा. हजारो कार्डे, प्रत्येकाची नक्षी पाहायची, आणि कोणत्या संघाला कोणता पर्याय दिला होता हेही शोधायचे. झोप नसलेल्या स्वयंसेवकाच्या डोळ्यांवर विजेता ठरवणे हा धावपटूंवरही अन्याय होता आणि त्या स्वयंसेवकावरही. चिप वाचायला काही क्षण पुरतात.

तिसरी देणगी सर्वांत मोठी आहे आणि ती हरणाऱ्यांसाठी आहे. प्रत्येक दोन कंट्रोलमधला वेळ छापून हातात मिळतो. पहिल्या आलेल्या धावपटूचा तोच वेळ शेजारी ठेवला की आपण कुठे चुकलो हे लगेच कळते. सहावा ते सातवा या एकाच टप्प्यात चार मिनिटे गेली असतील, तर पाय दोषी नाहीत, नकाशाचे वाचन दोषी आहे. पूर्वी हे सगळे आठवणीवर चालायचे आणि आठवण आपली बाजू घेते. आता कागदावरचा आकडा बाजू घेत नाही. शिकायचे असेल त्याला यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही.

आता मुळातल्या वादाकडे येऊ. जगात दोन पद्धती मुख्यतः वापरात आहेत. नॉर्वेची एमिट आणि जर्मनीची स्पोर्टआयडेंट. एमिटमध्ये धावपटूच्या हातातले कार्डच घड्याळ सांभाळते. ते कंट्रोलच्या पाटावर टेकवले की कंट्रोलचा क्रमांक त्यात उतरतो, आणि मागच्या कागदी पट्टीवर खिळ्याची खूणही उमटते. स्पोर्टआयडेंटमध्ये घड्याळ कंट्रोलवरच्या यंत्रात असते. यंत्र चिपचा क्रमांक वाचते, चिपवर आपला क्रमांक आणि वेळ लिहिते, लिहून झाले की आवाज करते आणि दिवा लावते. जुन्या चिपना यासाठी सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागायचा, नव्या चिपचे काम त्याहून कितीतरी लवकर होते.

घाई नडते ती इथे. यंत्राने क्रमांक वाचला, पण लिहून होण्याआधीच चिप ओढली, तर यंत्राच्या स्मृतीत क्रमांक राहू शकतो आणि चिप कोरीच राहते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत अशा धावपटूला बाद करायचे स्पष्ट लिहिले आहे, आणि यंत्रात त्याचा क्रमांक सापडला तरी बादच, हेही लिहिले आहे.

कठोर वाटते ना? पण उलट नियम केला तर काय होईल ते पाहा. ज्याची चिप कोरी निघेल तो म्हणेल, जंगलात जा, यंत्र आणा, उघडून पाहा. वीस कंट्रोलची वीस यंत्रे, किलोमीटर-किलोमीटर आत. निकाल तासन्‌तास अडकेल. ज्याचा आवाज मोठा त्याच्यासाठी यंत्र आणले जाईल आणि गप्प बसणारा बाद राहील. कार्डाच्या काळातही हाच दंडक होता. भोके कार्डावर दिसली पाहिजेत, ती दाखवणे धावपटूचे काम. साधन बदलले, जबाबदारी बदलली नाही आणि बदलूही नये. आपला पुरावा आपण सोबत घेऊन यायचा. आवाज ऐकायला आणि दिवा पाहायला अर्धा सेकंद लागतो. तेवढाही ज्याला परवडत नाही, त्याने पदक परवडत नसल्याची तक्रार करू नये.

नियमाची दुसरी बाजू संयोजकांनी मात्र सोयीस्करपणे विसरू नये. चूक धावपटूची नव्हती हे निःसंशय सिद्ध झाले, तर त्याला निकालात जागा मिळते. यंत्र बंद पडले असेल, तर धावपटूने शेजारची सुईची पकड वापरून नकाशावरच खूण करून घ्यायची आणि ती दाखवायची. तेही त्याने केले नाही तर तो बाद. पण त्यासाठी पकड तिथे टांगलेली असावी लागते! यंत्र घेतले, आता सुया कशाला, असे म्हणून पकडी गोदामात टाकणारे संयोजक धावपटूकडून शिस्त मागायचा अधिकार गमावतात. बॅटरी संपते, पाणी शिरते, कोणीतरी यंत्र उचलूनही नेते. बैल गेल्यावर झोपा करून उपयोग नाही. प्रत्येक यंत्रापाशी पकड हवी, शर्यतीच्या सकाळी प्रत्येक यंत्रात चाचणीची चिप घालून पाहिलेली हवी, आणि स्पोर्टआयडेंट असेल तर सगळी घड्याळे एका वेळेवर आणलेली हवीत. घड्याळे मागेपुढे असली की टप्प्यांचे वेळ खोटे निघतात, आणि धावपटूने न केलेली चूक कागदावर त्याच्या नावे चढते.

आता न टेकवता नोंद करणारी चिप आली आहे. यंत्रापासून साधारण अर्ध्या मीटरच्या आत हात गेला की नोंद होते आणि आवाज चिपच करते. शहराच्या गल्ल्यांमधली स्प्रिंट 2001 मध्ये फिनलंडच्या ताम्पेरे इथल्या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा आली. त्या प्रकाराला ही चिप शोभते. तिथे सेकंदांनी निकाल ठरतो आणि कंट्रोलवर होणारी गर्दी व ढकलाढकली या चिपने टळते. मात्र ओलांडायला बंदी असलेल्या भिंतीच्या पलीकडून नोंद होईल अशा जागी यंत्र ठेवणे हा मार्ग आखणाऱ्याचा गुन्हा आहे. जंगलातल्या साध्या क्लब शर्यतीला मात्र या महागड्या चिपची सक्ती मला अमान्य आहे. तिथे एका कंट्रोलवर वाचणाऱ्या क्षणभरासाठी नवख्या मुलाच्या खिशाला भोक पाडायचे कारण नाही.

यंत्राची मर्यादाही ओळखा. ते दोनच गोष्टी सांगते, कुठे आणि केव्हा. 2009 मध्ये हंगेरीतल्या मिश्कोल्त्स इथे जागतिक स्पर्धेची पुरुष रिले होती. शेवटच्या टप्प्यात स्वीडनच्या मार्टिन योहानसनच्या मांडीत लाकडाचा तुकडा खोल घुसला. फ्रान्सचा तिएरी गेओर्गियू, नॉर्वेचा अँडर्स नूर्डबर्ग आणि चेक प्रजासत्ताकाचा मिखाल स्मोला हे तिघे पदकाच्या शर्यतीत होते. तिघांनी धावणे सोडले आणि त्याला मदत केली. सुवर्ण स्वित्झर्लंडने जिंकले. चिपमधल्या आकड्यांत त्या तिघांचा वेळ फक्त गेलेला दिसतो. का गेला, हे माणसांनीच सांगायचे असते आणि माणसांनीच लक्षात ठेवायचे असते. पंच कुठे आणि केव्हा झाला हे यंत्राला विचारा, खेळाडू कसा आहे हे विचारू नका.

आपल्याकडे एनसीसीत नकाशावाचन शिकवतात, सह्याद्रीत दर आठवड्याला ट्रेकर चढतात. हा खेळ सुरू करू पाहणाऱ्यांनी चिप विकत घेण्याची वाट पाहू नये. चांगला नकाशा, झेंडे, सुयांच्या पकडी आणि कार्डे यांवर पन्नास मुलांची शर्यत उत्तम होते. नकाशावर खर्च करा, यंत्र नंतर घ्या. कार्डे तपासण्यात माणसे कमी पडू लागली की ते घ्या, आणि घेतल्यावरही पकडी फेकू नका.

आणि एक काम पहिल्या शर्यतीपासून करा. कोण निघाले आणि कोण परतले याची यादी ठेवा. चिप असेल तर ही यादी संगणकच देतो, कारण ज्याची चिप वाचली गेली नाही तो अजून जंगलात आहे असेच धरायचे असते. म्हणून धावपटूंनो, शर्यत अर्ध्यावर सोडलीत, बाद झालात, रागावलात, तरी घरी जाण्याआधी चिप वाचून द्या. तुम्ही गुपचूप निघून गेलात तर अंधारात तुम्हाला शोधायला कोणीतरी दरीत उतरेल. आणि संयोजकांनो, यादीतले शेवटचे नाव खोडले जाईपर्यंत मांडव उतरवू नका.