सिद्धांत घेऊन धडगावला जाताना

सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीनं नंदुरबारला उतरावं. सोबत प्रश्नावली, टोपी, पाणी आणि ‘कुटुंब’ या संज्ञेची पाठ केलेली व्याख्या असावी. धडगावच्या वाटेवरचा चांदसैलीचा घाट चढेपर्यंत पाणी संपतं. व्याख्या थोडी जास्त टिकते.

हंगाम नीट निवडा. दिवाळीनंतर गेलात तर कित्येक घरांना कुलूप दिसेल, कारण माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना मोजून ‘वृद्धांचे गाव’ असा निष्कर्ष काढता येतो, काढू नये. होळीला सगळे परततात. पण काठी गावच्या राजवाडी होळीला निघालेल्या माणसाला थांबवून घरातल्या सायकलींची संख्या विचारायला वेगळाच निर्लज्जपणा लागतो, आणि तो अभ्यासक्रमात नाही.

‘रस्त्याच्या उजव्या हाताचं दर पाचवं घर’ अशी नमुना निवड ठरवली असेल, तर आधी रस्ता शोधा. घरं टेकड्यांवर विखुरलेली. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये ओढा.

आता मुख्य धडा. तुम्ही घेऊन आलेली व्याख्या इथं तुमच्या आधीच येऊन गेली आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात धरली गेली, सगळी याच डोंगरांतली. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९च्या निवाड्यात लिहिलं होतं, की ज्या कुटुंबाची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल त्याला किमान २ हेक्टर जमीन द्यावी आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरावा. सज्ञान मुलीबद्दल लवाद गप्प. शिवाय इथले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसत आलेले, सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणजे सरकारी भाषेत ‘अतिक्रमणदार’. आपण परिसंवादात ‘कुटुंब’ या ज्या शब्दावर तासभर वाद घालून जेवायला उठतो, त्या शब्दानं इथं भाऊ वेगळं कुटुंब ठरला आणि बहीण नाही.

म्हणून समोरचा माणूस उत्तर देण्याआधी विचारतो, ‘या कागदानं नाव चढेल की कटेल?’ पाठ्यपुस्तक याला प्रतिसादातला दोष म्हणतं. माझ्या मते एवढा नेमका पद्धतिशास्त्रीय प्रश्न विद्यापीठात क्वचितच कुणी विचारतं.

पूर्वसूरींचा अभ्यास जपून करा. महाराष्ट्र सरकारसाठी इथल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. त्याच संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या मेधा पाटकर ऐंशीच्या दशकात नर्मदेच्या खोऱ्यात आल्या. प्रबंध राहिला तो राहिलाच, धरणाविरुद्धचं आंदोलन मात्र उभं राहिलं. हे उदाहरण मार्गदर्शकांसमोर काढू नये. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून घ्यायची असेल तर मुळीच नाही.

परतल्यावर लिहायला बसा. सैद्धांतिक चौकट पहिल्या प्रकरणात घाला, नेली होती तशीच, इस्त्री न मोडलेली. कुलपं, ओढ्यापलीकडचे पाडे, सातबारा नसलेला शेतकरी, कुठल्याच रकान्यात न बसलेली बहीण, हे सगळं ‘संशोधनाच्या मर्यादा’ या शेवटच्या दीड पानात कोंबा. बाह्य परीक्षक तिथवर येतात तोवर बहुधा चहा आलेला असतो.