तिसरं कोटेशन

आमचे भाऊजी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात ३२ वर्षं परचेसमध्ये होते. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कधी नटबोल्ट घेतला नाही आणि रिटायर झाल्यापासून कोथिंबीरही घेत नाहीत. पहिलीला भाव विचारायचा, दुसरीला विचारायचा, तिसरीला विचारायचा, मग पहिलीकडे परत यायचं. तोवर तिच्या जुड्या संपलेल्या असतात. लग्नासाठी मुलीसुद्धा त्यांनी मोजून तीन पाहिल्या. ताई तिसरी. ती हे चारचौघांत सांगते तेव्हा भाऊजी चहाच्या कपात काहीतरी शोधत बसतात.

असा माणूस २००० साली वेबसाइट काढायला निघाला. अजून निघालेलाच आहे.

निमित्त ताईच्या फराळाचं. चकली, कडबोळी, शेव, अनारसे. दिवाळीच्या आधी महिनाभर त्यांच्या घरात शिरलं की कपड्यांना भाजणीचा वास लागतो. भाऊजींनी तेव्हा नवा कॉम्प्युटर घेतला होता (तीन कोटेशनं) आणि त्यावर फ्रंटपेज होतं. हे सॉफ्टवेअर मुळात व्हर्मीर नावाच्या छोट्याशा कंपनीचं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. ही हकिकत सांगताना भाऊजींचा चेहरा अजून खुलतो. "याला म्हणतात खरेदी! माल नाही घेतला, दुकान घेतलं."

फ्रंटपेजवर कोड न लिहिता पान मांडता यायचं. माऊसनं चित्र इथं ठेवा, अक्षरं तिथं ठेवा, झालं पान. भाऊजी ताईला समजावत होते, "याला विझीविग म्हणतात. म्हणजे जे दिसतं तेच मिळतं."

"भाजीवालाही तेच म्हणतो," ताई परातीतलं पीठ मळत म्हणाली. "वरचे टोमॅटो दाखवून."

भाऊजी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि पानाच्या पोटातला कोड उघडून दाखवला. 'अनारसे' या एका शब्दाभोवती फॉन्टचं नाव चार वेळा, रिकाम्या जागांच्या खुणांची रांग, आणि तक्त्यात तक्ता, त्यात आणखी एक तक्ता. तेव्हा पानाची मांडणी सगळेच अशी तक्त्यांनी करायचे. "तुझी ताई बरोबर बोलली गं," भाऊजी म्हणाले. "खालचे सगळे नासके आहेत." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. दुसरं कोटेशन मागवायला रीतसर कारण मिळालं होतं.

दुसरं कोटेशन ड्रीमवीव्हर. मॅक्रोमीडियाचं १९९७ चं अपत्य, २००५ मध्ये अ‍ॅडोबीच्या घरी दत्तक गेलं. त्यात पडदा दोन भागांत करता यायचा. एकीकडे कोड, दुसरीकडे पान. इकडे हात लावला की तिकडे हलतं. भाऊजी तासन्‌तास नुसतं ते हलणं बघत. मग एनव्हीयू आलं, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर भाऊजींना संशय आला. फुकट मालाला वॉरंटी कोण देणार? तरी त्यांनी त्याचीही ओळ तक्त्यात घातली.

हा तक्ता म्हणजे भाऊजींचं जीवितकार्य. एक्सेलमध्ये आहे, नाव 'कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट – वेबसाइट'. आडव्या ओळींत सॉफ्टवेअरं, उभ्या रकान्यांत वर्षाचा खर्च, मराठी नीट उमटतं का, फोनवर कसं दिसतं, बॅकअप, 'सोडून जाताना हातात काय देतात', आणि शेवटी शेरा. जी सॉफ्टवेअरं बंद पडली त्यांच्या ओळी त्यांनी पुसलेल्या नाहीत. नुसतं नावामागे 'कै.' लावलंय. कै. गोलाइव्ह, २००८. कै. जिओसिटीज, २००९. कै. म्यूज, जन्म २०१२, मृत्यू मार्च २०२०. फ्रंटपेजची २००३ नंतर नवी आवृत्तीच निघाली नाही, तेव्हा तेही कैलासवासी. हा तक्ता खाली सरकवताना एखाद्या जुन्या वाड्यातल्या माजघरात हार घातलेले फोटो बघत चालल्यासारखं वाटतं.

असे लोक घरोघरी असतात म्हणा. आमच्या शेजारच्यांनी मिक्सर घ्यायला दोन वर्षं लावली, तोवर पाटा-वरवंटा पुन्हा फॅशनमध्ये आला. पण मिक्सर निदान तोच राहतो. या सॉफ्टवेअरांचा बाजार असा, की तिसरं कोटेशन हातात येईपर्यंत पहिला दुकानदार शटर ओढून गेलेला असतो. भाऊजींच्या स्वभावाला इतका मानवणारा दुसरा बाजार नसेल.

मध्यंतरी तर जमीनच सरकली. पूर्वी पान ८०० बाय ६०० च्या पडद्याला बेतायचं, पाटासारखं, मापात. २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढं लोक तळहातावर साइट बघायला लागले. २०१० मध्ये ईथन मार्कोट नावाच्या अमेरिकन डिझायनरनं लेख लिहून सांगितलं, की पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बदलेल असंच बांधा. भाऊजींनी तक्त्यात फोनचा रकाना वाढवला आणि सगळ्यांना नव्यानं मार्क दिले.

या पावसाळ्यात मी गेले होते तेव्हा ते ब्राउझरमध्येच ओढून-सोडून साइट बांधायच्या एका सेवेची चाचणी घेत होते. मी मागं खुर्ची ओढून बसले. चकलीचा फोटो त्यांनी दोन बोटं उजवीकडे सरकवला. जीभ किंचित बाहेर, लहान मुलं चित्र रंगवतात तशी. पडद्यावर एक गुलाबी रेघ उमटली. म्हणजे फोटो मध्यावर आला. भाऊजी समाधानानं मागं टेकले. मग फोनच्या चित्राचं बटण दाबलं. चकली थेट भावपत्रकावर जाऊन बसली होती. कडबोळ्यांचा भाव चकलीच्या वेढ्यांतून डोकावत होता.

"लहान करा ना फोटो," मी म्हटलं.

"करतो की. पण इकडे लहान केला की तिकडेही होतो, आणि तिकडे शंकरपाळ्यासारखा दिसतो." त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'चकली सरकते' असं टाइप केलं आणि फाइल सेव्ह केली.

आता खरी गंमत. या माणसाला दुसऱ्यानं सल्ला विचारला तर तीन मिनिटांत निकाल लागतो. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या सेक्रेटरी आल्या होत्या. भाऊजींनी तीनच प्रश्न विचारले. पान बदलणार कोण? बघणारे कुठे बघणार? उद्या सोडावंसं वाटलं तर आपला मजकूर आपल्याबरोबर येतो का? बाईंना ईमेलपलीकडे काही येत नव्हतं आणि खर्च शून्य हवा होता. "गूगल साइट्स," भाऊजी म्हणाले, "चार पानं, उत्सवाच्या तारखा, फोटो. पाचवं पान काढू नका." लेख लिहिणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना वर्डप्रेस, कारण सगळा मजकूर एका फाइलीत बांधून बाहेर काढता येतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोराला स्क्वेअरस्पेस, कारण "तुझ्याकडे फोटो आहेत, वेळ नाही, त्यांच्याकडे तयार मांडण्या आहेत." आणि प्रत्येकाला बजावलं, की डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. गाळा भाड्याचा चालेल, पाटी आपली हवी. समोरच्या डेंटिस्टनी साइट करणाऱ्या मुलालाच डोमेन घ्यायला सांगितलं होतं. मुलगा बंगलोरला गेला, फोन उचलेना, आणि दवाखान्याची पाटी त्याच्या खिशात राहिली.

त्या साऱ्यांच्या साइट उभ्या आहेत. ताईची नाही.

मी शेवटी विचारलंच. "भाऊजी, जगाचं तुम्ही एका बैठकीत ठरवता. घरचं का अडलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "इंडेंट कुठाय?"

"काय?"

"इंडेंट. मागणीपत्र. ज्या खात्याला माल हवा त्यानं मागणी करायची, मग परचेस खरेदी करणार. बिनमागणीची खरेदी म्हणजे ऑडिटचा मुद्दा. मी कोटेशनं तयार ठेवलीत. पंचवीस वर्षांत तुझ्या ताईनं इंडेंट दिलेला नाही."

स्वयंपाकघरातून झाऱ्या आपटल्याचा आवाज आला. "देणारही नाही! ओळखीतल्यांच्या ऑर्डरींनी दसऱ्याला वही भरते. साइट काढून आणखी आल्या तर सोऱ्या कोण फिरवणार? तुम्ही?"

भाऊजी माझ्याकडे बघून खांदे उडवून हसले. वादात हरल्यासारखं ते हसणं नव्हतं.

मग म्हणाले, थांब, एक गंमत दाखवतो. जुनं सगळं त्यांनी सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून नव्या मशीनवर जपून आणलेलं. २००० सालच्या फोल्डरमधल्या एका फाइलीवर त्यांनी डबल क्लिक केलं. फ्रंटपेज जाऊन जमाना झाला. पान मात्र आजच्या ब्राउझरमध्ये खटकन उघडलं. लाल-पिवळी पार्श्वभूमी, बोटाएवढ्या चकलीचा धुरकट फोटो, आणि वरच्या बाजूला उजवीकडून डावीकडे धावणारी एक ओळ. ओळ धावत होती, पण वाचता येत नव्हती. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत प्रत्येकाची बाराखडी निराळी. युनिकोडच्या आधीचा तो फॉन्ट या मशीनवर नव्हता. त्यामुळे डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, टक्क्याच्या खुणा, अर्धवट कंस असली दिंडी चाललेली.

"काय लिहिलंय हे?" मी म्हटलं.

भाऊजींनी पडद्याकडे बोट धरलं आणि त्या कचऱ्यावरून ते सरकवत सलग वाचायला लागले, "घरगुती भाजणीची खुसखुशीत चकली, एकशे दहा रुपये किलो. कडबोळी शंभर. तिखट शेव एकशे वीस. ऑर्डर आठ दिवस आधी…"

"शेव नव्वद होती," आतून ताई म्हणाली.

भाऊजींनी बोट तिथंच ठेवलं, दुसऱ्या हातानं चष्मा लावला आणि ती ओळ पुन्हा फिरून यायची वाट बघत बसले.