डबल सस्पेन्शन, सिंगल ओनर

"काहो, नागपुरात पहाड कुठे आहे?" बायकोचा प्रश्न भूगोलाचा होता. मी तो अर्थशास्त्राचा धरून म्हणालो, "म्हणूनच सेकंडहँड घेतोय."

तिचं खोटं नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, पण ती उंची सगळ्या गावाला सारखी वाटून दिलेली. सीताबर्डीचा उंचवटा आहे, तर वरचा किल्ला लष्कराकडे आणि पायथ्याचा टेकडी गणपती भक्तांकडे. सायकलवाल्याला उरते सेमिनरी हिल्स.

पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली नवी माउंटन बाइक दुकानात पाहून आलो होतो. किंमत अडीच लाख, वजन चौदा किलो. किलोमागे जवळजवळ अठरा हजार पडले. मी नुसतं हँडल धरलं, तर दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, ईएमआय होऊन जाईल." जुनी मात्र नव्वद हजारांत होती, धंतोलीत.

जुनी वस्तू तपासायला धंतोलीसारखी जागा नाही. दोन घरं सोडली की दवाखाना. वडिलांची काळी बावीस इंची सायकल हाणत पोहोचलो आणि पुतण्यानं पढवलेली तपासणी सुरू केली. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं, फोर्क घट्ट. त्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवलं, कारण ओरखडा असला की सील तेल गाळतं. टॉर्च मारून वेल्डिंगपाशी चीर शोधली. मग सीट धरून मागचं अंग उचललं, तर सांध्यांतून कटकट.

"बेअरिंग गेले," मी डॉक्टरी चेहऱ्यानं सांगितलं.

"भाऊ, धंतोलीत सांधे बदलणं काही नवीन आहे का?"

आता बसून पाहायचं. स्वार बसला की शॉकनं आपल्या चालीच्या पंचवीस ते तीस टक्के दबावं. त्याला सॅग म्हणतात. मालक साठ किलोचा, मी ब्याण्णव. शॉक थेट तळाला गेला. त्यानं छोटा पंप लावून हवा भरली आणि ओरडला, "दोनशे दहा!" रस्त्यानं चाललेल्या एक आजी थबकल्या. "कोणाचं बीपी, बाबू?"

माझी सायकल तारण ठेवून निघालो. व्हरायटी चौक, महाराजबाग, लॉ कॉलेज चौक. स्पीडब्रेकर विरघळत होते, खड्डे दुसऱ्याच कोणाच्या नशिबी होते. फुटाळ्यापुढे चढ लागला आणि कळलं, निम्मा जोर चाकाला मिळतोय, निम्मा शॉकला झोके द्यायला. दोन कॅन अडकवलेला दूधवाला साध्या सायकलवरून मला मागं टाकत म्हणाला, "भाऊ, हवा कमी आहे का?" शॉक कुलूपबंद करायची कळ असते, हे मला चढ संपल्यावर सापडलं.

उतार मात्र दोन मिनिटांचा, आणि नव्वद हजारांचा. त्या दोन मिनिटांत मला मरीन काउंटीची पोरं आठवली. कॅलिफोर्नियातल्या त्या भागात १९७६च्या ऑक्टोबरात त्यांनी 'रीपॅक' ही उताराची शर्यत सुरू केली, तीही तीस-चाळीसच्या दशकातल्या जडशीळ सायकलींवर. ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं, प्रत्येक फेरीनंतर नव्यानं भरावं लागायचं. म्हणून ते नाव. डोंगरासाठीच घडवलेली चौकट जो ब्रीझनं १९७७ साली केली. म्हणजे ही जातच मुळात सेकंडहँड जन्मली! मी बिनधास्त झालो. बेअरिंगचे कापून ऐंशी म्हणायचं, एक पैसा वर नाही, असं घोकत परतलो.

फाटकापाशी मालक नव्हता. माझी सायकलही नव्हती. पोटात गोळा आला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ओळखीची घंटी ऐकू आली. काळ्या सायकलवर ताठ बसून, कॅरिअरला तर्री-पोह्याची पिशवी अडकवून स्वारी येत होती.

मी तोंड उघडलं, "ऐंशी..."

"ते होऊन जाईल," तो खाली न उतरता म्हणाला. "पण भाऊ, हिचे किती घ्याल?"