अब्जाधीशाचं वसतिगृह

खिडकीबाहेर पॅसिफिक महासागर असेल, अशी जागा सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होती. तिथे येऊ घातलेल्या वसतिगृहात मात्र 94 टक्के खोल्यांना खिडकीच नव्हती.

कल्पना चार्ली मंगर यांची. वॉरेन बफेट यांचे भागीदार, शिक्षणाने वकील, वास्तुशास्त्राची पदवी नाही. त्यांनी 20 कोटी डॉलर देऊ केले, अट एकच: आराखडा माझाच. 11 मजले, सुमारे साडेचार हजार विद्यार्थी, प्रत्येकाला स्वतंत्र पण चिमुकली खोली, आणि खिडकीच्या जागी कृत्रिम उजेडाची चौकट. इमारतीचा अंदाजे खर्च दीड अब्ज डॉलर होता. म्हणजे देणगी सातव्या हिश्शाहून कमी, आणि पेन्सिल मात्र पूर्ण देणगीदाराच्या हातात. विद्यापीठाने हे मान्य केलं, याचा मला मंगर यांच्या हट्टापेक्षा जास्त राग येतो. दानशूर माणूस हट्टी असू शकतो; नाही म्हणणं हे कुलगुरूंचं काम असतं.

डेनिस मॅकफॅडन हे वास्तुविशारद विद्यापीठाच्या आराखडा समितीवर जवळजवळ पंधरा वर्षं होते. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वास्तुविशारद म्हणून, पालक म्हणून आणि माणूस म्हणूनही आपल्याला हे पटत नाही, असं त्यांनी पत्रात कळवलं. त्या पत्राने जगभर गहजब झाला. अखेर 2023 मध्ये विद्यापीठाने तो आराखडा बाजूला ठेवला.

मंगर यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांनी खोलीत कोंडून घेऊ नये, बाहेर यावं, एकमेकांकडून शिकावं, म्हणून आठ खोल्यांमागे एक मोठी सामायिक जागा त्यांनी आखली होती. हेतू मलाही मान्य आहे. पण मुलाला बाहेर काढायचं म्हणून त्याची खोलीच नकोशी करायची? त्याच खोलीत तो तापाने फणफणतो, घरच्या आठवणीने रडतो, नापास झाल्याचा निकाल एकट्याने वाचतो. त्या वेळी बाहेर दिवस आहे की रात्र, एवढं तरी त्याला कळायला हवं. आणि वीज गेली, तर हवा येणार कुठून?

हेच कोडं कोपनहेगनमध्ये सुटलेलं आहे. ओरेस्टाड भागात 2006 मध्ये टिटगेन वसतिगृह पूर्ण झालं. पैसा तिथेही देणगीचाच होता, पण आराखडा स्पर्धेतून निवडला गेला आणि तो लुंडगार्ड आणि ट्रानबेर्ग या वास्तुविशारद संस्थेने केला. सात मजल्यांची गोल इमारत, मधोमध मोकळं अंगण. राहायच्या खोल्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं आकाश. बारा-बारा खोल्यांमागे एक स्वयंपाकघर, आणि ती स्वयंपाकघरं अंगणाच्या बाजूला. समोरच्या मजल्यावर कोण काय रांधतंय, कुठे गप्पांचा फड जमलाय, हे अंगणापलीकडून दिसतं. कुणाला ढकलून बाहेर काढावं लागत नाही, मुलं आपणहून येतात. एकांत मोडून सोबत घडवावी लागत नाही, हे डेन्मार्कने काँक्रीट-काचांत सिद्ध केलं. नावीन्य म्हणायचं तर मी याला म्हणेन.

जागेची टंचाई आहे, हे उत्तर मला पुरत नाही. टंचाई खरीच होती. 2021 मध्ये सांता बार्बराच्या विद्यार्थ्यांना हॉटेलांत ठेवावं लागलं होतं. पण टंचाईच्याच नावावर पुण्यात पार्टिशन ठोकून कॉट बेसिसवर मुलं भरली जातात, आणि गरज आहे म्हणून पालक गप्प बसतात. घरमालक हे करतो तेव्हा आपण नाक मुरडतो. विद्यापीठाने केलं की त्याला प्रयोग कसा म्हणायचा?

सांता बार्बराचा धोका टळला. पण मिशिगन विद्यापीठात मंगर यांच्याच पैशाने आणि कल्पनेने उभं राहिलेलं पदव्युत्तर वसतिगृह 2015 पासून चालू आहे, आणि तिथल्या बहुतेक झोपायच्या खोल्यांना खिडकी नाही. आपल्याकडची मुलं परदेशातली खोली इथूनच, फोनवर फोटो पाहून ठरवतात. फोटोत पलंग, टेबल आणि पांढरा उजेड दिसतो. मुलाने सही करण्याआधी, अगदी भाडं विचारायच्याही आधी, पालकांनी एवढंच विचारावं: या खोलीतला उजेड दिव्याचा आहे की दिवसाचा?